मदरबोर्डला हात लावू का?

मैत्रिणींनो, आज कबुलीपासून सुरुवात करते. आमच्या बचत गटाचा कॉम्प्युटर पावसाने नाही, मी बिघडवला.

झालं असं. मी राहते शीवला. शीव म्हणजे वेस, हद्द. मुंबई बेट संपून पलीकडे साष्टी सुरू व्हायची ती ही जागा, इंग्रजांच्या तोंडी तिचं सायन झालं. इथे तळमजल्यावरच्या एका खोलीत आमचं मंडळ चालतं. तीन दिवस शिवणाचा वर्ग, दोन दिवस मुलींचा कॉम्प्युटरचा वर्ग आणि शनिवारी बचत गटाची बैठक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, १८ आणि १९ तारखेला मुंबई तुंबली तेव्हा नेहमीप्रमाणे गांधी मार्केटच्या बाजूला पाणी साचलं आणि आमच्या खोलीत वीतभर शिरलं. शिलाई मशीन्स आम्ही टेबलांवर चढवली. कॉम्प्युटरचा मॉनिटर उचलला, कीबोर्ड उचलला. खालचं कॅबिनेट मात्र जमिनीवरच राहिलं. तो डबा म्हणजे कॉम्प्युटरच आहे हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षातच आलं नाही!

पाणी ओसरल्यावर मी कॅबिनेट वरून कोरडं केलं, एक दिवस उन्हात (होतं तेवढ्या) ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी बटण दाबलं. आतून चट् असा आवाज आला, जळका वास सुटला. संपलं.

नंतर कळलं, की नुसत्या पाण्याने बोर्ड बहुतेकदा मरत नाही. पाणी आत असताना वीज दिली की मरतो. नीट उघडून, आठवडाभर वाळू दिला असता तर कदाचित वाचलाही असता. मी बी.ए. मराठी. २००४ साली एमएस-सीआयटी केलेली. पण त्या कोर्समध्ये आम्ही वर्ड शिकलो, एक्सेल शिकलो, कॅबिनेटचं बाण काढलेलं चित्र पाहिलं. ते उघडायचं कसं, हे ना कोणी शिकवलं ना आम्ही विचारलं.

कॉम्प्युटर गेला याचं एवढं वाईट वाटलं नसतं. पण त्यात गटाचे सहा वर्षांचे हिशेब होते. चौदा बायका, महिन्याला दोनशे रुपये, त्यातून एकमेकींना दिलेली कर्जं, कोणी किती फेडलं, कोणाचं व्याज माफ केलं... २०१९ पर्यंत वही होती, मग मीच मोठ्या उत्साहाने म्हटलं होतं, ‘आता वह्या बंद, सगळं एक्सेलमध्ये.’ दुसरी प्रत? नव्हती. बँकेचं पासबुक होतं, पण कोणी कोणाचे किती देणं लागतं ते पासबुकात नसतं. चौदाजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एकही जण रागावली नाही, हे जास्त कठीण गेलं.

दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी कॅबिनेटची बाजू काढली, टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, ‘वहिनी, सगळं गेलं. नवीन घ्या, अडतीस हजारात बसवून देतो. हे पाचशेला मी घेऊन जातो.’ ‘आणि आतले हिशेब?’ मी विचारलं. ‘पाणी गेलंय म्हटल्यावर काय राहणार?’ असं म्हणत ते डबा उचलायलाच लागले.

त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांना वेळ नसेल, दहा ठिकाणी जायचं असेल. पण आमच्या वर्गातली प्रतीक्षानगरची एक मुलगी, बारावी कॉमर्स, शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, ‘ताई, हार्ड डिस्क तर वरच्या कप्प्यात आहे. तिथपर्यंत पाणी कुठे आलंय?’

आणि खरंच! पाण्याची रेघ पत्र्यावर दिसत होती. मदरबोर्डचा खालचा भाग तिच्याखाली, हार्ड डिस्क चांगली चार बोटं वर. दादांना चहा दिला, नमस्कार केला आणि डबा ठेवून घेतला. त्याच संध्याकाळी त्या मुलीने डिस्क सोडवली, दुकानातून एक केबल आणली आणि तिच्या भावाच्या लॅपटॉपला लावली. चौदा नावं, सहा वर्षं, सगळं जागच्या जागी. आधी दोन पेनड्राइव्हवर प्रती काढल्या, मग मी रडून घेतलं.

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. पाचशे रुपयांत आमचे हिशेब भंगारात चालले होते, कारण त्या डब्यात काय कुठे असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. कुकरची शिट्टी, गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह यातलं काय बिघडलं हे आपल्याला आवाजावरून कळतं. शिलाई मशीनचा शटल आपण डोळे मिटून काढतो. मिक्सर बंद पडला तर आधी उलटा करून खालचं लाल बटण दाबून बघतो. मग कॉम्प्युटरच्या बाबतीतच ‘ते ह्यांना विचारा’ किंवा ‘मुलगा आला की बघेल’ असं का? गंमत बघा, नाव मदरबोर्ड. प्रोसेसर, रॅम, डिस्क, सगळ्यांना जोडून ठेवणारी ती आई, पुढे जोडतात त्या कार्डांना इंग्रजीत ‘डॉटरबोर्ड’ म्हणजे लेकी म्हणतात. आणि मराठीत आपण त्याला म्हणतो ‘तो’ मदरबोर्ड! हातही लावणार तोच.

तर ठरलं, की बोर्ड आपणच बदलायचा. घरी हे म्हणाले, ‘नसत्या भानगडीत पडू नकोस, शॉक बसेल.’ हीच भीती मलाही होती म्हणून सांगते. घरातली २३० व्होल्टची वीज कॅबिनेटमधल्या एका बंद पेटीत येते, तिला एसएमपीएस म्हणतात. ती वीज कमी करून बारा, पाच आणि ३.३ व्होल्टची करून पुढे देते. मदरबोर्डवर फिरते ती ही. प्लग काढून मग काम केलं तर तिथे शॉकचा प्रश्नच नाही. मात्र ती एसएमपीएसची पेटी कधीही उघडायची नाही, प्लग काढल्यावरसुद्धा नाही. आत वीज साठून राहते. हा नियम आमच्या भिंतीवर लिहून लावलाय.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला गेलो. शीवहून धीमी गाडी, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरायचं. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता त्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव रस्त्याला होतं. आता नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर लोक तुमच्याकडेच बघतील. पूर्वी रेडिओच्या सुट्या भागांसाठी माणसं इथे यायची, मग कॉम्प्युटरचे आले. आम्ही तिघी होतो. मी, ती मुलगी आणि आमच्या शिवणवर्गाच्या पासष्टीच्या मावशी. त्या नुसत्या ‘बघायला’ म्हणून आलेल्या. पहिल्याच दुकानात विचारणा झाली, ‘मॅडम, साथ में कोई जेन्ट्स नहीं है?’ मावशी म्हणाल्या, ‘आहेत ना, घरी भात लावतायत.’ दुकानदार हसला आणि मग मात्र त्याने नीट दाखवलं.

खरेदीत जे शिकलो ते सांगते, कारण गावाकडे असा रस्ता नसला तरी तालुक्याच्या दुकानात किंवा कुरिअरने मागवताना हेच प्रश्न विचारायचे असतात. आमच्या जुन्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड मिळत होता, स्वस्तही होता. पण विंडोज १० ची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार होती आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर रीतसर चालत नाही. दोन महिन्यांसाठी पैसे घालण्यात अर्थ नव्हता. म्हणून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असं त्रिकूटच घेतलं. ते एकमेकांना जुळावं लागतं. डीडीआर थ्री रॅमची खाच डीडीआर फोरच्या खोबणीत बसत नाही, ब्लाउजचा हुक दुसऱ्याच ब्लाउजच्या आकड्यात अडकवायला जाण्यासारखं ते. आमचा मॉनिटर जुन्या व्हीजीए वायरीचा, तर बोर्डवर तसं तोंड आहे ना हे पाहिलं. कॅबिनेटमध्ये मायक्रो एटीएक्स आकाराचा बोर्ड मावतो, म्हणजे जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर बाय २४४, तेही पट्टीने मोजून गेलो होतो. एसएमपीएस नवा घेतला. जुना बहुधा ठीक होता, पण ज्या पेटीने सगळ्यांना वीज पाजायची तिथे काटकसर नको, असं मावशींचं मत पडलं. डिस्क जुनी ठेवली हिशेबांसाठी, विंडोजसाठी एक छोटी एसएसडी. पक्कं बिल घेतलं, जीएसटीचं, वस्तूचा क्रमांक लिहिलेलं. त्याशिवाय वॉरंटी म्हणजे नुसता शब्द. सगळं मिळून एकवीस हजारांच्या आत बसलं.

शनिवारी बैठकीच्या वेळीच काम काढलं. मुद्दाम. चौदाजणींसमोर.

आधी सगळ्यांनी अंगठ्या, सोन्याच्या बांगड्या, घड्याळं काढून ठेवली. काचेच्या चालतात, धातू नको. लांब मंगळसूत्रं पदराआड खोचली. सिल्क आणि नायलॉनच्या साड्यांना लांब उभं केलं. त्यांच्या घासण्याने अंगावर जी स्थिर वीज जमते तिचा आपल्याला चटकाही लागत नाही, पण बोर्डावरच्या नाजूक भागांना ती मारू शकते. मुंबईच्या दमट हवेत तिचा त्रास कमी, विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्यात जास्त. उपाय सोपा. बोर्डला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, अधूनमधून परत लावायचा.

जुना बोर्ड काढताना प्रत्येक वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. नवा बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला आणि प्रोसेसर बाहेरच बसवला. हा सगळ्यात जपून करायचा भाग. बोर्डच्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात, हजाराच्या वर. एक वाकली तरी बोर्ड गेला आणि दुकानदार वॉरंटी देत नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण असतो, सॉकेटवरही तशीच खूण असते. खुणेवर खूण, वरून अलगद ठेवायचा, दाबायचं नाही. ठेवायचं काम त्या मुलीने केलं, श्वास रोखून. मग कडी खाली ओढायची, तिला मात्र जोर लागतो आणि करकर आवाज येतो. तो आवाज ऐकून निम्म्या जणींनी डोळे मिटले. वर पंखा बसवला. त्याच्या तळाला थर्मल पेस्ट कंपनीनेच लावलेली होती. नसेल तर मटारच्या दाण्याएवढी लावायची, श्रीखंडासारखी थापायची नाही.

बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी मागची पत्र्याची पट्टी बसवायची, हे आम्ही विसरलो. चार स्क्रू लावून झाल्यावर आठवलं. सगळं परत काढलं! आणि आतल्या पत्र्यावर पितळेचे छोटे खुंट असतात, ते बोर्डच्या भोकांखालीच हवेत. भोक नाही तिथे खुंट राहिला तर बोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो.

मग आल्या पुढच्या बटणाच्या वायरी. पॉवर, रिसेट, दोन दिवे. इवल्याशा टोप्या, इवल्याशा पिना, त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. मला दिसेनात, मुलीची बोटं बसेनात. मावशी चष्मा वर करून पुढे झाल्या, ‘सर गं बाजूला.’ चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलेला हात. चारही टोप्या पाच मिनिटांत. दिव्यांच्या वायरींना उलटसुलट असतं, बटणांच्या वायरींना नसतं, हे पुस्तिकेतलं वाक्य मुलीने वाचून दाखवलं.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच.

खोटं कशाला बोलू, मला परत तो चट् आवाज आठवला आणि पोटात गोळा आला. एकवीस हजार गटाचे होते. माझ्या मनात येऊन गेलं, की दादांना पुन्हा फोन करावा. ती मुलगी म्हणाली, ‘ताई, मोटी वायर, बारकी वायर, रॅम, असं ओळीने बघू.’ चोवीस पिनांची मोठी वायर बसली होती. प्रोसेसरजवळची छोटी, जी लोक हमखास विसरतात, तीही होती. प्लग काढून रॅम दाबून पाहिली, तर एका टोकाला किंचित वर होती. आम्ही घाबरून हलक्या हाताने लावलेली. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टक् वाजलं. परत बटण. पडदा उजळला आणि चौदाजणींनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर हळदीकुंकू आणलं होतं, तिला स्क्रीनपासून दूर ठेवलं.

पुढचं बसवण्यापेक्षा कंटाळवाणं होतं. सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहिलं की बायोस उघडतं, म्हणजे विंडोज जागं होण्याआधी बोर्ड स्वतःशी काय बोलतो ते. तिथे रॅम पूर्ण दिसते का, डिस्क दिसतात का, तारीख बरोबर आहे का हे पाहायचं. विंडोज ११ ला टीपीएम लागतो, तो इंटेलच्या बोर्डवर पीटीटी नावाने लपलेला असतो, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. जुन्या डिस्कवरचं विंडोज नव्या बोर्डने उचललंच नाही, कारण जुन्याची सुरू व्हायची पद्धतच वेगळी. म्हणून पेनड्राइव्हवरून नवं टाकलं. हिशेब आधीच बाहेर काढले होते, म्हणून झोप लागली.

तारखेवरून आठवलं. तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ रोज मागे जात असेल, बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसेल, तर बोर्ड गेलेला नसतो. बोर्डवर बटणासारखी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२, वजनकाट्यात असते तीच, तीन व्होल्टची. ती संपलेली असते. किंमत एका वडापावाच्या आसपास. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने एवढ्यासाठी आख्खा कॉम्प्युटर बदललाय.

माझी एक मैत्रीण म्हणते, ‘अगं, आता हेही बायकांच्याच गळ्यात? पंखे पुसायचे, नळाचे वॉशर बदलायचे, वर मदरबोर्ड?’ तिचं अगदीच चूक नाही. प्रत्येकीने करावं असं मी म्हणतही नाही. पण प्रत्येक मंडळात, प्रत्येक गटात निदान एकीला ते झाकण उघडता यावं. आणि तुमचा कॉम्प्युटर वॉरंटीत असेल तर आधी तिचे नियम वाचा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला. दुसरी म्हणते, ‘मोबाइलच्या जमान्यात डेस्कटॉप कोण वापरतं?’ आम्ही वापरतो बाई. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा खोलीबाहेर रांग होती आणि बारीक अक्षरं न दिसणाऱ्या बायकांना मोठा पडदाच बरा वाटत होता. शिवाय मोबाइल चिकटवून बंद केलेला, बऱ्याच लॅपटॉपची रॅमही बोर्डला कायमची जोडलेली. आपल्याला उघडून, भाग बदलून, दहा वर्षं चालवता येईल असं यंत्र उरलंय ते हेच.

आणि हे बायकांचं काम नव्हे असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, की १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनियॅक नावाचा अठरा हजार व्हॉल्व्हचा कॉम्प्युटर जगापुढे आला, त्याला काम शिकवणाऱ्या सहाजणी होत्या. के मॅकनल्टी, बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज, रूथ लिख्टरमन, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास. पुस्तक नव्हतं, शिकवणारं नव्हतं. यंत्राचे नकाशे बघून त्या शिकल्या आणि हाताने केबल जोडून, कळा फिरवून त्यांनी ते चालवलं. पुढे कित्येक वर्षं फोटोत त्यांना बघून लोकांना वाटायचं, की यंत्राशेजारी शोभेला उभ्या केलेल्या मॉडेल असतील!

आमचा मेलेला बोर्ड भंगारवाल्याला दिला नाही. त्यातलं तांबं, सोनं काढायला कुठेतरी तो आम्लात बुडवतात नाहीतर जाळतात. शेजारी धारावीत भंगाराचं काम करणारी किती घरं आमच्या ओळखीची आहेत, त्यांची पोरं तो धूर घेणार. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्यांकडेच तो द्यायचा असतो. आम्ही तसा दिला, पण आधी महिनाभर वर्गात ठेवला. मुलींना प्रत्येक खाच बोटाने दाखवता आली.

कॅबिनेट आता टेबलावर असतं. हिशेबाच्या तीन प्रती असतात, एक माझ्याकडे, एक मावशींकडे, एक बँकेत काम करणाऱ्या सभासदाच्या घरी. बोर्ड बसवून झाल्यावर एक स्क्रू उरला होता, तो कुठला ते अजून सापडलेलं नाही. कॉम्प्युटर चालतोय. मावशींनी तो बॉबिनच्या डबीत ठेवलाय. येत्या शनिवारी एका सभासदाच्या मुलीचा बंद पडलेला कॉम्प्युटर येणार आहे, आत मुंग्यांनी घर केलंय म्हणे. मावशींनी बजावलंय, ‘मी येईपर्यंत झाकण उघडू नका.’